पुढच्या खोलीतला दिवा

काकू: तिथेच थांब. उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर गल्ली गोळा करीन.

ऑपरेटर: थांबतो. इथूनच बोलतो, काकू.

काकू: आता बोलण्यासारखं काय राहिलंय? तू तिकडे सबस्टेशनवर खुर्चीत बसून खटका ओढलास आणि इकडे खांबावर आमचा लाइनमन शिडी जिवानिशी गेला. गोष्ट संपली.

ऑपरेटर: मी खटका ओढला नाही.

काकू: बरोबर. वाऱ्याने ओढला असेल.

काका: अगं, येऊ दे त्याला आत. दारात उभा राहिला तर... सगळी गल्ली फुकट तमाशा बघेल. तिकीट कोण फाडणार?

काकू: तुम्ही गप्प पडा. बोलून बोलून ऑक्सिजनचा सिलिंडर संपवता आणि पळापळ माझी होते.

काका: मी गप्प पडलो तर तूच नाकाखाली बोट धरून बघशील, आहे की गेला. ये रे, बस. स्टुलावर बस. कॉटवर नको, नळी दबते.

ऑपरेटर: कॉट पुढच्या खोलीत आणलीत?

काका: आतल्या खोलीत काय ठेवलंय आता? पंखा बंद, ऑक्सिजनचं मशीन बंद. तुमच्या साहेबांनी फर्मान काढलंय, तपास होईपर्यंत तुटलेल्या तारेला कोणी हात लावायचा नाही. आमच्या घराची वायरसुद्धा खांबावरून सोडवून, टोकाला टेप लावून ठेवलीय. ह्या टोकाला घरं तीन, त्यातल्या दोन घरांना कुलूप. म्हणजे अंधाराचं गिऱ्हाईक आम्हीच. इथे निदान रस्त्याचं वारं लागतं.

काकू: त्याला काय सगळं सांगत बसलात? त्याला सगळं माहीत आहे. दुपारी निरीक्षक साहेब माझी सही घ्यायला येणार, हेही माहीत आहे. म्हणून तर सकाळीच टपकला. जबाब फिरवून घ्यायला.

ऑपरेटर: फिरवून नाही, ऐकून घ्यायला आलोय. माझ्याविरुद्ध खात्याकडे एवढं एकच वाक्य आहे. ‘त्या वेळी लाईट आली होती, मी स्वतः पाहिली.’ ते वाक्य तुमचं. त्याच्यावर मला घरी बसवलंय. तुम्ही सही केलीत की खटला उभा राहील.

काकू: मग मी काय करू? डोळ्यांनी पाहिलेलं गिळून टाकू?

ऑपरेटर: शिडीने मला फोन केला. वादळात शेवटच्या खांबाजवळची तार तुटलीय, जोडायला चढतोय, फीडर, म्हणजे तुमच्या भागाची मोठी लाईन, बंद कर म्हणाला. मी बंद केला. खटक्यावर ‘माणूस कामावर आहे’ ची पाटी अडकवली, कुलूप घातलं, किल्ली खिशात. तो खाली उतरून स्वतः ‘सोड’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं, मोठ्या साहेबाने सांगितलं, तरी नाही. तो फोन आलाच नाही, काकू. आली ती बातमी.

काकू: मग हा दिवा काय भुताने लावला? हा बघ. तुझ्या डोक्यावरचा, ह्याच खोलीतला.

ऑपरेटर: लागला, असं तुम्ही म्हणता. मी खोटं म्हणत नाही. मी विचारतोय, वीज आली कुठून? मोठ्या केंद्रात वाफेवर चाकं फिरतात, तिथे ती तयार होते. मनोऱ्यांवरून आमच्या सबस्टेशनला येते. आम्ही तिचा जोर कमी करून फीडरवर सोडतो. फीडरवरून डीपीला, तिथे आणखी कमी होऊन खांबावर, खांबावरून तुमच्या घरात. ह्या वाटेवर माझा दरवाजा बंद होता. शिवाय तुमच्याकडची तार तुटून लोंबत होती. मी सोडली असती तरी ती तुमच्यापर्यंत आली असती कशी?

काकू: ते तुमचं तुम्ही बघा. आम्हाला वीज कशी येते ते कळत नाही, आली की नाही तेवढं कळतं.

ऑपरेटर: साहेबांनी हे विचारलं नाही?

काकू: नाही. मी म्हटलं दिवा लागला होता, ते म्हणाले बास. पाणी प्यायले आणि गेले. चांगला माणूस. तुझ्यासारखा चिकट नाही.

काका: त्यांना हवं ते मिळालं, मग कशाला चिकटतील? बसमध्ये कंडक्टर होतो तेव्हा गर्दीच्या वेळी मी पण एकदा पैसे हातात आले की... चेहरा बघत नसे.

ऑपरेटर: काकू, हा दिवा लागला म्हणजे लाईट आली, असं तुम्ही कशावरून म्हणता? तुमच्याकडे तर जनरेटर चालू होतं. त्याच्यावर सगळं घर लागत असेल.

काकू: हीच तर गंमत आहे! ही खोली आम्ही पूर्वी इस्त्रीवाल्याला दिली होती. त्याच्या इस्त्रीने आमचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून त्याला वेगळी वायर काढून दिली. मेन स्विचच्या अलीकडूनच. मेन पाडला तरी इथला दिवा सरळ खांबावर. म्हणून शिडी म्हणायचा, काकू, हा तुमचा खबऱ्या. आधी मेन पाडायचा, मग जनरेटर लावायचं. मग आतलं घर जनरेटरवर आणि हा बाहेरच्या लाईनवर. ह्याचं बटण कायम चालूच ठेवायचं. हा लागला, की समजायचं खांबावर लाईट आली. मग जनरेटर बंद, वायर काढायची आणि मग मेन वर. त्याने माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. परीक्षा घ्यायचा माझी.

ऑपरेटर: जनरेटर घराला जोडता कसं?

काकू: वायर आहे ना. दोन्ही टोकांना प्लग. एक जनरेटरमध्ये खुपसायचा, एक ह्यांच्या खोलीतल्या बोर्डात.

ऑपरेटर: ती वायर कोणी करून दिली?

काकू: दुसरं कोण करणार? शिडीने. ह्यांचं मशीन आलं त्याच आठवड्यात. एक पैसा घेतला नाही.

ऑपरेटर: तसली वायर करायला आम्हाला बंदी आहे.

काका: शिडीशिवाय खांबावर चढायलाही बंदी होती त्याला. म्हणून तर नाव शिडी.

ऑपरेटर: बरं. त्या दिवसाचं सांगा. आठवेल तसं.

काकू: आठवेल तसं कशाला, जसं झालं तसं सांगते. माझं कधी इकडचं तिकडे होत नाही. हे साक्षीदार आहेत.

काका: चाळीस वर्षं फक्त साक्षीदारच आहे मी.

काकू: रात्रीच लाईट गेली होती. मी मेन पाडला, वायर लावली, जनरेटर चालू केलं. ह्यांचं मशीन चालू. उजाडलं तरी लाईट नाही. पेट्रोल संपत आलं. डब्यात होतं, पण थोडंच. मी शिडीला फोन केला. म्हटलं, बाबा रे, लवकर कर, ह्यांच्या घशात जीव आलाय. म्हणाला, आलोच. आणि आला पण. सायकल खांबाला टेकवली आणि चढला सरसर. खाली उभं राहून एक शब्दसुद्धा बोलला नाही.

ऑपरेटर: म्हणून साखळी राहिली.

काकू: कसली साखळी?

ऑपरेटर: चढायच्या आधी तारांना एक साखळी अडकवायची, तिचं दुसरं टोक जमिनीत. कुठून चुकून वीज आलीच तर ती साखळीतून मातीत जाते, माणसातून जात नाही. त्याची साखळी सायकलच्या पिशवीत सापडली. घडीसुद्धा मोडली नव्हती. मला वाटायचं, ह्याने का नाही घातली? हा तर आम्हाला ओरडायचा.

काकू: म्हणजे माझ्या फोनमुळे त्याने घाई केली, असं म्हणायचंय तुला?

काका: नाही म्हणत तो. वादळामुळे म्हणतोय. तू पुढे सांग... किंवा राहू दे. सांगितलंयस साहेबांना.

काकू: राहू दे कशाला? ऐकू दे की. मग पेट्रोल संपलं. जनरेटर फुरफुरून बंद पडलं. मी ह्यांना सिलिंडरची नळी लावली. सिलिंडर हा असा, अर्ध्यावर. धावत मागे गेले, डबा ओतला. अर्धं पेट्रोल जमिनीवर. जनरेटर परत चालू केलं. स्वयंपाकघरातून डोकावून बघते तर पुढच्या खोलीत उजेड! हा दिवा लख्ख. मी म्हटलं, चला, सुटलो. एक थेंब पेट्रोल जाळायचं नाही आता. तशीच मागे फिरले, जनरेटर बंद केलं.

ऑपरेटर: आणि?

काकू: आणि काय? शिडीला सांगावं, आली रे बाबा, उतर, म्हणून पुढे आले तर हा दिवा गेलेला. म्हणजे तू सोडलीस आणि परत घेतलीस. चूक लक्षात आली असेल तुझ्या. मी दार उघडलं. तो वर... पट्ट्याला लटकलेला. डोकं खाली. टोपी माझ्या पायरीवर.

ऑपरेटर: काकू, एक विचारतो. आधी दिवा गेला आणि मग तुम्ही जनरेटर बंद केलं, की आधी जनरेटर बंद केलं?

काकू: आधी जनरेटर. सांगितलं ना.

ऑपरेटर: आणि दिवा दिसला तो जनरेटर चालू केल्यावर. आधी नाही.

काकू: आधी मी मागे होते, मला कसा दिसेल?

ऑपरेटर: त्याआधी काकांना लावायला ह्याच खोलीतून सिलिंडर उचलून नेला असेल तुम्ही. तेव्हा?

काकू: तेव्हा... नाही. तेव्हा अंधारच होता, बाहेर ढग दाटलेले आणि दार-खिडक्या लावलेल्या. पायाला स्टूल लागलं माझ्या.

ऑपरेटर: मेन कुठे होता, काकू?

काकू: आतल्या खोलीत, ह्यांच्या उशाशी. तिथेच असतो.

ऑपरेटर: तसं नाही. वर होता की पाडलेला?

काकू: पाडलेला! मी काय वेडी आहे? आता तर सांगितलं तुला, आधी मेन, मग जनरेटर.

ऑपरेटर: रात्री पाडलात, ते कळलं. पेट्रोल संपलं तेव्हा मध्ये त्याला कोणी हात लावला?

काका: चहा टाक गं.

काकू: आता? ह्याला?

काका: मला. घसा सुकलाय. त्याला पण दे अर्धा. शिव्या देऊन देऊन... तुझाही सुकला असेल.

काकू: तुमचं आपलं काहीतरीच. बस रे तू. आलेच मी. अजून तुझं संपलं नसेल.

काका: ...गेली? दार लोट जरा. आवाज खाली.

ऑपरेटर: तुम्हाला माहीत होतं.

काका: पडून राहिलेल्या माणसाला काम काय असतं? आवाज ऐकायचे. तिने रात्री मेन पाडला, खट्ट वाजलं. पेट्रोल संपलं तेव्हा वर केला, परत खट्ट. त्यानंतर वाजलंच नाही. तिने घाईत जनरेटर लावलं, मेन तसाच. माझ्या डोळ्यांसमोर वर होता. मी श्वास मोजत होतो, खटका कोण बघतो? दुसऱ्या दिवशी तिने दिव्याचं सांगितलं, तेव्हा मी... खट्ट किती वाजलं होतं ते मोजलं.

ऑपरेटर: मग तुमच्या जनरेटरची वीज मेनमधून दिव्यात, आणि तिथून मीटरमधून बाहेर खांबावर. आणि तार तुटलेली, म्हणून त्या टोकाला दुसरं कोणीच नाही. सगळी गल्ली जोडलेली असती तर एवढंसं मशीन भाराने घुसमटून बंद पडलं असतं. दोन घरांना कुलूप. खांबावर टोक हातात घेतलेला तो एकटाच गिऱ्हाईक.

काका: हळू बोल.

ऑपरेटर: इतके दिवस तुम्ही मला शिव्या खाऊ दिल्यात.

काका: हो. हिशोब मांडला मी, आणि त्यात तुला खर्ची घातला. खोटं कशाला सांगू? ही रोज शिडीच्या बायकोकडे जाते. तिला जेवायला बसवते. दोघी मिळून तुझ्या नावाने बोटं मोडतात, त्याच्यावर तिचे दोन घास पोटात जातात. उद्या हिला कळलं की तो आपल्याच हाताने गेला, तर ही त्या घरात पाय ठेवेल? ह्या घरात तरी राहील?

ऑपरेटर: म्हणजे माझ्या नावाने दोन बायका जगतायत.

काका: तिची नोकरीही धर त्यात. खात्याची चूक ठरली तर शिडीच्या बायकोला त्याच्या जागी नोकरी. आणि हे बाहेर आलं तर? साखळी घातली नाही, बंदी असलेली वायर स्वतः करून दिली. म्हणतील, आपल्याच कर्माने मेला. तिच्या हाती धुपाटणं. तू एकटा गेलास तर... बाकी सगळ्यांचं भागतं.

ऑपरेटर: मुलगी शाळेत जात नाही माझी.

काका: काय?

ऑपरेटर: आठवीत आहे. वर्गातल्या मुली बाकावर शेजारी बसत नाहीत. म्हणतात, तुझ्या बाबांनी माणूस जाळला. काल मला विचारत होती, बाबा, तुम्हाला झोप लागली होती का? खरं सांगा, मी कोणाला सांगणार नाही.

काका: ...ती माझ्या हिशोबात नव्हती.

ऑपरेटर: कशी असेल? तुमच्या बसमध्ये ती चढलीच नव्हती.

काका: ऐक. मेन वर कर, असं मीच ओरडलो होतो. जनरेटर बंद पडलं, छाती भरून आली, मी म्हटलं, वर कर, लाईट आली असेल. तिने ऐकलं. म्हणजे चूक माझीच. तू साहेबांना सांग, म्हाताऱ्याने पडल्या पडल्या हात लांबवून स्वतःच वर केला. तिला माहीतही नाही. तू सुटलास, ती सुटली. मला काय करतील? तुरुंगात नळी लावायला जागा आहे का विचार त्यांना.

ऑपरेटर: तुमचा हात पोचतो तिथवर?

काका: उशाशी आहे.

ऑपरेटर: हात वर करून दाखवा, काका. नुसता खांद्यापर्यंत.

काका: ...आज जरा जड आहे.

काकू: कोणाचा हात कुठे पोचत नाही?

काका: कपापर्यंत. आण. किती वेळ लावलास.

काकू: मला बनवू नका. मेन, मेन चाललं होतं तुमचं, दार लोटून. ह्याच्या डोक्यात काय आहे ते कळलंय मला. मेन वर होता, म्हणजे दिवा आमच्याच जनरेटरवर लागला. असंच ना? आणि मग शिडीला... काय रे, लाज नाही वाटत? आम्ही वीज घेणारी माणसं. महिन्याच्या महिन्याला बिल भरून घेणारी. आमच्याकडून उलटी खांबावर कशी जाईल? तिकडून इकडे येते ती.

ऑपरेटर: तारेला दिशा कळत नाही, काकू. ढकलाल तिकडे जाते.

काकू: पण आम्ही शेवटचं घर!

ऑपरेटर: शेवटच्या स्टॉपवरूनच बस परत फिरते. काकांना विचारा.

काका: मला काही विचारू नका. चहा घे रे आणि नीघ. झालं बोलून. नीघ तू.

ऑपरेटर: हो. निघतो. काकू, जाऊ द्या. तुम्ही पाहिलं ते पाहिलं.

काकू: आता का निघतोस? मघाशी तर हलत नव्हतास. चल, दाखवतेच तुला. त्या दिवसापासून मी मेनला, जनरेटरला, कशालाच हात लावलेला नाही. जसा होता तसा आहे. आत येऊन बघ, पाडलेला आहे की नाही.

ऑपरेटर: काकू, नको.

काका: अगं ए, थांब. इकडे ये. मला नळी टोचतेय. ऐकतेस का?

(काकू आतल्या खोलीत जाते.)

काका: ए!

काकू: वर आहे.

काका: मी केला. काल. तू तिकडे गेली होतीस तेव्हा मी—

काकू: तुम्हाला कॉटसकट मी इकडे ओढत आणलंय. काल तुम्ही ह्या खोलीत होतात.

काका: मग परवा.

काकू: परवाही. वर कर असं ओरडला होतात तुम्ही. हो. तुम्ही ओरडलात आणि मी... मग परत पाडला असेल मी. पाडल्याशिवाय मी वायर लावत नाही. कधीच नाही. डब्यात तळाला आहे थोडं पेट्रोल. थांबा.

ऑपरेटर: कुठे निघालात? काकू! असं करून काही कळत नाही.

काकू: का? घराची वायर खांबावरून सोडवलेली आहे ना? बाहेरून काही येणार नाही, बाहेर काही जाणार नाही. मग मेन आहे तसाच ठेवून जनरेटर लावते. दिवा लागला नाही तर तू खोटा. तू त्याच्याखालीच बस. मी मागून विचारते, तू सांग. आणि खरं सांग.

काका: ...गेली. बटण कुठे आहे दिव्याचं? तुझ्या मागे. भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली. बंद कर.

ऑपरेटर: काका—

काका: बंद कर, पाया पडतो तुझ्या. तिने हाक मारली की म्हण, नाही लागला. तुझ्यासाठी मी सांगतो साहेबांना, शपथेवर सांगतो, मी वर केला म्हणून. ती नाही. कर बंद.

(मागच्या अंगणात जनरेटर दोनदा खोकून चालू होतं. पुढच्या खोलीतला दिवा लागतो.)

काकू: लागला का रे?

काका: कर ना. हात तर तिथेच आहे तुझा.

काकू: ऐकू येतंय का? लागला का?

ऑपरेटर: ...लागला, काकू.

काकू: काय?

ऑपरेटर: लागला!

काकू: आता? आता बंद केलं मी. आता बघ.

ऑपरेटर: गेला.

काका: तुझा हात बटणावर होता.

ऑपरेटर: होता. पण घरी गेल्यावर पोरीला काय सांगितलं असतं, काका?

काका: ...कुठे राहिली ही? जरा बघ.

ऑपरेटर: येतायत. पायरीवर बसल्या होत्या. उठल्या.

काकू: चहा प्यायला नाहीत तुम्ही.

काका: निवू दे म्हटलं.

काकू: पार गार झालाय. मी त्याला सांगायला निघाले होते, आली रे बाबा, उतर. एवढ्या आनंदात होते मी. त्या वेळी तो... आणि मी त्याच्या बायकोच्या शेजारी बसून रोज म्हणतेय, देव बघून घेईल त्या ऑपरेटरला.

ऑपरेटर: तुम्हाला माहीत नव्हतं.

काकू: तुला तरी कुठे माहीत होतं? तरी शिव्या खाल्ल्यासच ना. साहेब किती वाजता म्हणाले?

काका: दुपारी. तू काही बोलायचं नाहीस त्यांच्याशी. मी आहे.

काकू: त्यांच्याशी बोलीन, सगळं सांगून मगच सही करीन. पण त्याआधी तिच्याकडे जाऊन येते. साहेबांकडून कळायला नको तिला.

ऑपरेटर: काकू, तिच्या नोकरीचं... शिडीने वायर केली हे निघालं तर खातं मागे सरेल.

काकू: नोकरी जाईल तिची?

ऑपरेटर: जाऊ शकते.

काकू: म्हणजे नवरा मी नेला आणि नोकरीही मीच नेणार. ...तरी जाते. न जाता उद्या तिच्या घरात जेवायला कशी बसवू तिला? चपला कुठायत माझ्या?

काका: कॉटखाली. अगं, ती काय म्हणेल ठाऊक आहे का तुला?

काकू: नाही. म्हणून तर जाते. तू बस रे ह्यांच्यापाशी. हा सिलिंडर संपत आलाय. दुसरा दारामागे आहे. बदलता येतो तुला?

ऑपरेटर: येतो.

काकू: आधी जुन्याचं बंद करायचं, मग नव्याचं उघडायचं. नाही, आधी... तुला कळेल. तुला कळतं.

काका: ...गेली. मागे वळून बघितलं का तिने?

ऑपरेटर: नाही. तुम्ही बोलू नका आता. चावी कुठे आहे सिलिंडरची?

काका: दोरीला बांधलीय. ती वायर आण आधी. आतल्या बोर्डात असेल.

ऑपरेटर: काका, श्वास बघा तुमचा.

काका: आण म्हणतो ना. ...हां. हिच्यापुढे हे बोलता आलं नसतं, ती खोटं सांगायला कबूल होणार नाही. जनरेटर आमचं. मेन आम्ही वर केला. ते गेलं आमच्या खात्यावर, ते तसंच राहू दे. पण वायर शिडीने केली, हे कशाला हवं? मी केली. बसच्या डेपोत दिवे बदलायचो मी. बाजारातून दोन प्लग आणले आणि केली. हिला मी सांगतो, ती एवढं एक माझ्यासाठी गिळेल. चाळीस वर्षांत मागितलं नाही काही.

ऑपरेटर: साखळी तरी त्याच्याच नावावर राहते.

काका: राहू दे. घाई केली, एवढंच म्हणतील. घाईला माफी असते. तिला भांडायला जागा राहील.

ऑपरेटर: प्लग उघडून बघतील ते.

काका: मग? आत काय असतं?

ऑपरेटर: हे बघा. वायर ओढली तरी निसटू नये म्हणून आत अशी दुहेरी गाठ. ही त्याचीच. सबस्टेशनच्या प्रत्येक बोर्डात सापडेल. आमच्यातला कोणीही ओळखेल.

काका: ओळखून सांगायला कोणाला बोलावतील?

ऑपरेटर: मलाच. एकत्र काम केलं म्हणून.

काका: मग? साहेबांनी ही तुझ्या हातात दिली, विचारलं, कोणाची गाठ... तर?

ऑपरेटर: नळी सरळ करा. हां. आता घ्या श्वास... येतोय का?

काका: येतोय. तू सांग.

ऑपरेटर: हे कुठल्या तरी घरातल्या माणसाचं काम दिसतं, साहेब. आमच्यातला कोणी अशी गाठ मारत नाही.